गावात राहून बॅटल मॅप: कुठून घ्यायचा, कसा छापायचा, पैसे कुठे वाचवायचे

बॅटल मॅप म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) सारख्या, टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन खेळायच्या खेळात लढाईची जागा दाखवणारा चौकटींचा नकाशा. त्यात पैसे खातो तो आकार. चित्रं तर इंटरनेटवर ढिगाने फुकट मिळतात. पण ३० × ४० चौकटींचा मॅप इंचाच्या मापाने छापायचा तर अडीच फूट रुंद आणि सव्वातीन फुटांहून लांब कागद लागतो, आणि दर्यापूर, आर्वी, पुसद, ब्रह्मपुरी अशा तालुक्याच्या गावी तेवढी रंगीत छपाई करणारं दुकान शोधण्यातच दिवस जातो. परदेशी मॅट मागवावी तर किमतीवर शिपिंग आणि कस्टम चढतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी वर्षभर पुरेल असं एक कोरं ग्रिड (चौकटींची आखणी), मग लागेल तशी काळी-पांढरी छपाई. मोठा रंगीत मॅप फक्त त्या लढाईसाठी, जिची अख्खा गट वाट पाहतोय. नियमांवर पैसे घालायची तशी गरज नाही. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचा एसआरडी ५.१ (मूळ नियमांचा दस्तऐवज) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे. गटाची वर्गणी मॅपकडे वळवा.

आधी चौकटीचं माप ठरवा

डी अँड डीत एक चौकट ५ फुटांची. ३० फूट चालणारं पात्र एका पाळीत ६ चौकटी जातं. माणसाएवढ्याला एक चौकट, घोड्याएवढ्या 'लार्ज' प्राण्याला २ × २, 'ह्यूज'ला ३ × ३ आणि 'गार्गँटुअन'ला ४ × ४. कागदावर ही चौकट १ इंचाची काढतात, कारण बाजारातल्या मिनीचा (पात्राच्या छोट्या पुतळ्याचा) तळ इंचभराचा असतो. तुमच्याकडे मिनी नसतील तर हे माप पाळायची सक्ती नाही.

सोंगट्या कशाच्या करणार ते आधी बघा. २०११ पासूनच्या मालिकांमधली १, २ आणि ५ रुपयांची नाणी २५ मिमी किंवा त्याहून लहान आहेत, म्हणून इंचाच्या (२५.४ मिमी) चौकटीत बसतात. १० रुपयांचं नाणं २७ मिमीचं, ते बसत नाही. पाण्याच्या बाटलीचं झाकण साधारण ३ सेमी, तर कॅरमची सोंगटी ३.०२ ते ३.१८ सेमी. यांना इंचाची चौकट अपुरी पडते. शेजारी-शेजारी उभी केली की एकमेकींना ढकलतात, आणि कोण कुठे होतं यावर वाद सुरू होतो. झाकणं किंवा कॅरम वापरायचं असेल तर चौकट साडेतीन सेमीची घ्या.

आमचं मत सरळ आहे: मॅप छापायचा असेल तर इंच आणि नाणी, हाताने आखायचा असेल तर साडेतीन सेमी आणि झाकणं. ए-४ कागदावर इंचाच्या ७ × १० चौकटी कडा सोडून नीट बसतात. साडेतीन सेमीच्या ५ × ७ च बसतात, त्यामुळे पानं साधारण दुप्पट लागतात.

मॅप केवढा हवा? बहुतेक लढायांना १४ × २० चौकटी पुरतात. म्हणजे ७० × १०० फूट जागा. शॉर्टबोचा (छोट्या धनुष्याचा) ८० फुटांचा पल्ला त्यात मावतो, आणि इंचाच्या मापाने ते बरोबर चार ए-४ पानांत बसतं. मॅप निवडताना नेहमी ७ आणि १० च्या पटीत कापा. १५ × २१ चा मॅप तसाच छापला तर एका ओळीसाठी आणि एका रांगेसाठी पाच पानं जास्तीची जातात.

जुन्या बॅनरचं ग्रिड

विदर्भातल्या कुठल्याही गावात फुकट मिळणारी सगळ्यात मोठी सपाट वस्तू म्हणजे उतरवलेला फ्लेक्स. वाढदिवसाचे, अभिनंदनाचे, गणपती-दुर्गा मंडळांचे. कार्यक्रम झाल्यावर मंडळाच्या पोरांना विचारून घ्या. खांबावर लटकलेला काढू नका. मागची बाजू पांढरी आहे का ते बघून घ्या, कारण काही फ्लेक्सची पाठ काळी किंवा करडी असते आणि तिच्यावर आखणी दिसत नाही.

३ × ४ फुटांचा, घडीची रेघ नसलेला तुकडा कापा. धुण्याच्या पावडरीने धुवा, वाळवा आणि उन्हात सपाट फरशीवर पसरून कडांवर विटा ठेवा. ऊब लागली की फ्लेक्स मऊ होतो आणि सुरकुत्या बसतात. एप्रिल-मे महिन्यात मात्र दुपारभर टाकून विसरू नका. आपल्याकडच्या उन्हात तो ताणला जाऊन वेडावाकडा होतो. पंधरा-वीस मिनिटं पुरेत.

मग आखणी. पहिला कोपरा काटकोनात हवा, नाहीतर दुसऱ्या टोकाला चौकटी तिरप्या होतात. एका कडेवर ६० सेमी, दुसऱ्या कडेवर ८० सेमी अशा खुणा करा आणि त्या दोन खुणांमधलं अंतर मोजा. ते १०० सेमी भरलं की कोपरा बरोबर. यानंतरची चूक सगळेच करतात: फूटपट्टी सरकवत-सरकवत खुणा करायच्या. दर वेळी अर्धा मिलिमीटर चुकला तरी तिसाव्या चौकटीपर्यंत दीड सेमीचा फरक पडतो. त्याऐवजी स्टीलचा टेप कडेला एकदाच लावा, न हलवता ३.५, ७, १०.५, १४ अशा सगळ्या खुणा करा, समोरच्या कडेला तसंच, आणि मग खुणा जोडा. लांब सरळ पट्टी म्हणून वायरिंगची पीव्हीसी पट्टी किंवा मिस्त्रीचा ॲल्युमिनियमचा पट्टा चालतो. ३ × ४ फुटांत कडा सोडून २४ × ३२ चौकटी आरामात येतात. बारीक टोकाचा परमनंट मार्कर वापरा आणि दर पाचवी रेघ जाड करा. २५ फुटांचे टप्पे नजरेने मोजता आले की बाण आणि मंत्रांच्या पल्ल्याचा हिशेब पटकन होतो.

या फ्लेक्सवर थेट व्हाइटबोर्ड मार्करने काढू नका. फ्लेक्सचं प्लास्टिक मऊ असतं, शाई त्यात मुरते आणि लाल-हिरव्या रंगाचे डाग कायमचे राहतात. टेबलावर टाकायच्या मऊ पारदर्शक प्लास्टिकचंही तेच. वरून कडक पारदर्शक थर हवा: लॅमिनेशनचं कोरं पाऊच मशीनमधून काढून, ओएचपी शीट, किंवा जुन्या फोटोफ्रेमची काच (कडांना चिकटपट्टी लावून). यावरून मार्कर कोरड्या फडक्याने निघतो. चुकून परमनंट मार्कर लागला तर त्यावरूनच व्हाइटबोर्ड मार्कर गिरवा आणि ओला असतानाच पुसा. त्यातला द्रव खालची शाई सैल करतो. तरी राहिलाच तर सॅनिटायझर.

उरलेले तुकडे चुलीत किंवा कचऱ्यात जाळू नका. पीव्हीसी जळताना निघणारा धूर छातीला घातक असतो.

ठिपक्यांच्या रांगोळीचा मॅप

यापेक्षा स्वस्त काही नाही, आणि अंगण किंवा ओसरी असलेल्या घरात यासारखं दुसरं काही नाहीच. ठिपक्यांच्या रांगोळीसाठी बायका उदबत्तीने भोकं पाडलेला कागद वापरतात, तोच इथे ग्रिडचा साचा होतो.

एक चार्ट पेपर घ्या (दुकानात साधारण २२ × २८ इंचाचा मिळतो) आणि लांबीत अर्धा कापा. एका अर्ध्या भागात साडेतीन सेमी अंतराने ८ × ११ ठिपके पेन्सिलने मारा. ठिपके ८ × ११ म्हणजे त्यांच्यामधल्या चौकटी ७ × १०. पेटलेल्या उदबत्तीने प्रत्येक ठिपक्याला भोक पाडा. भोक ३ ते ४ मिमीच्या पुढे जाऊ देऊ नका, नाहीतर ठिपके पसरट पडतात. उदबत्ती टेकवली की लगेच उचला, कारण चार्ट पेपर भोकाच्या कडेने धुमसत राहतो. जवळ ओलं फडकं ठेवा. दुसऱ्या अर्ध्या भागाचा आणखी एक साचा करून ठेवा, पहिला फाटतोच.

साचा जमिनीवर ठेवून वर रांगोळी पसरा, तळहाताने हलकेच फिरवा, आणि साचा सरळ वर उचला. पुढचा टप्पा टाकताना साच्याची पहिली रांग आधीच्या शेवटच्या रांगेवर बसवा. चार वेळा साचा ठेवला की १४ × २० चं ग्रिड तयार.

सारवलेलं अंगण पूर्ण वाळलेलं हवं. ओलसर जमीन रांगोळी शोषून घेते आणि ठिपके दिसेनासे होतात. गुळगुळीत टाइल्सवर पांढरी रांगोळी सरकते आणि दिसतही नाही, तिथे गेरू किंवा गडद रंगाची वापरा, नाहीतर सरळ खडूने आखा. नाला निळ्या रंगाने, झुडपं हिरव्याने, आग लाल रंगाने दाखवा. भिंती रांगोळीच्या काढू नका. तुरीचं पीक निघालं की तुराट्यांचा ढीग गावात असतोच. त्यांचे ३.५, ७ आणि १७.५ सेमीचे तुकडे म्हणजे ५, १० आणि २५ फुटांच्या भिंती. त्या हलवता येतात, दार उघडलं की तुकडा बाजूला करता येतो, आणि एका खोक्यात वर्षभर राहतात. पऱ्हाटी वाकडी असते, भिंतीला जमत नाही, पण जंगल दाखवायला तिच्या फांद्या उत्तम.

या मॅपवर एक नियम कडक ठेवा: सोंगटी उचलून ठेवायची, ओढायची नाही. वारा असेल तर अंगण सोडून ओसरीत या, आणि पंखा बंद ठेवा.

फुकटचे मॅप कुठे

डायसन लोगोसच्या साइटवर काळ्या-पांढऱ्या रेघांचे शेकडो मॅप आहेत. तळघरं, गुहा, पडके बुरूज. झेरॉक्सच्या दुकानासाठी याहून योग्य काही नाही, कारण यात रंग मुळातच नाही आणि दोन-तीन रुपयांच्या प्रिंटमध्येही रेघ स्वच्छ येते. त्यातले कित्येक व्यावसायिक वापरालाही मोकळे आहेत, तसं त्या-त्या मॅपखाली लिहिलेलं असतं. 'टू-मिनिट टेबलटॉप'वर बरेच मॅप 'द्याल ती किंमत' पद्धतीने मिळतात आणि शून्य टाकलं तरी चालतं. रेडिटच्या 'बॅटलमॅप्स' गटात रोज नवे मॅप येतात. तिथे शीर्षकातच ३० × ४० असे चौकटींचे आकडे बहुधा लिहिलेले असतात. डाउनलोड करताना ते फाइलच्या नावात लिहून ठेवा, छपाईच्या वेळी तेच लागतात. 'वाताबू'चे जनरेटर (एक पानी डंजन, म्हणजे तळघर-भुयार; गाव; शहर) आणि 'डोंजॉन' हे बटण दाबताच नवा आराखडा देतात. खोल्या स्वतःच मांडायच्या असतील तर 'डंजन स्क्रॉल' ब्राउझरमध्ये चालतं.

शक्य तिथे ग्रिड नसलेली प्रत घ्या. तिच्यावर हव्या त्या मापाचं ग्रिड टाकता येतं.

पेट्रिऑन या वर्गणीच्या साइटवरचे चित्रकार रंगीत मॅपचे मोठे संच देतात. पैसे डॉलरमध्ये जातात, तेव्हा कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहे का ते आधी बँकेच्या ॲपमध्ये बघा. एका महिन्याची वर्गणी चौघांत वाटून घ्या, जुने मॅप त्या वर्गणीत मिळतात की नाही हे वाचून घ्या, उतरवून घ्या आणि पुढच्या महिन्याआधी बंद करा. फाइल खेळ चालवणाऱ्याकडे राहू द्या, दहा ग्रुपवर फिरवू नका. ती चित्रं काढणाऱ्याचं पोट त्यावर आहे.

झेरॉक्सच्या दुकानात

मॅपमध्ये एका चौकटीला किती पिक्सेल आहेत ते काढा: चित्राची रुंदी भागिले आडव्या चौकटी. २८०० पिक्सेल आणि २० चौकटी असतील तर १४०. इंचाच्या मापासाठी हाच आकडा डीपीआय (एका इंचात किती पिक्सेल). जिंप हे चित्र-संपादनाचं सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात 'इमेज' मेनूमधल्या 'प्रिंट साइझ'मध्ये १४० टाकलं की काम झालं. साडेतीन सेमीची चौकट हवी असेल तर त्याला १.३८ ने भागा, म्हणजे साधारण १०१. एका चौकटीला ७० पिक्सेल असले तरी टेबलावर दिसायला ठीक. त्याखाली गेलं की अंधुक.

मॅप पानांत तोडायला 'पोस्टरेझर' हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते चित्राचे तुकडे करून पीडीएफ देतं. अडोबी रीडरच्या प्रिंट खिडकीत 'पोस्टर' हा पर्यायही तेच करतो. पीडीएफ घरूनच तयार करून न्या. दुकानात गर्दी असते, तिथे बसून तुमचे तुकडे कोणी करणार नाही.

दुकानात एक गोष्ट स्वतः बघा: प्रिंट खिडकीत 'फिट' नको, 'ॲक्चुअल साइझ' किंवा १०० टक्के हवं. 'फिट' राहिलं तर प्रत्येक पान थोडं लहान होतं आणि चौकटी इंचाच्या भरत नाहीत. आधी एकच पान काढा आणि ७ चौकटी पट्टीने मोजा. १७.८ सेमी भरलं तरच बाकीची पानं. फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, चित्र दाबलं जातं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. पेनड्राइव्ह न्यायचाच तर त्यात या फाइलशिवाय काही ठेवू नका, दुकानाच्या कॉम्प्युटरचा व्हायरस घरी येतो.

लेझर प्रिंट असेल तर उत्तम. इंकजेटची शाई पावसाळ्याच्या दमट हातानेही पसरते. पानं पुठ्ठ्यावर चिकटवताना पाणी घातलेली खळ वापरू नका, कागद फुगतो आणि चौकटी जुळत नाहीत. गोंदाची कांडी घ्या. पुठ्ठा किराणा दुकानातल्या खोक्याचा चालतो.

फ्लेक्सवाल्याकडे

इथे गणित उलटं पडतं, म्हणून करून बघा. २४ × ३६ चौकटींचा मॅप म्हणजे २ × ३ फूट, ६ चौरस फूट. ए-४ वर त्याला १६ पानं. समजा रंगीत पान १० रुपये, काळं-पांढरं ३ रुपये आणि फ्लेक्स १५ रुपये चौरस फूट. तर रंगीत पानांचे १६०, काळ्या-पांढऱ्याचे ४८, आणि अखंड रंगीत फ्लेक्सचे ९०. भाव गावागणिक बदलतात, तुमचे आकडे घाला. पण मोठा रंगीत मॅप फ्लेक्सवरच परवडतो हे बहुतेक ठिकाणी खरं निघतं. किमान मापाचे पैसे लावणारं दुकान असेल तर दोन मॅप शेजारी जोडून एकच फाइल द्या. घाई नसेल तर दुसऱ्या कुणाच्या बॅनरशेजारी रोलची जी पट्टी वाया जाते तिच्यात छापायला सांगा. लग्नसराईत अशा पट्ट्या रोज निघतात.

फाइल जेपीजी, नेमक्या मापाची, १०० डीपीआय पुरे. माप भरायला ऑपरेटर चित्र आडवं-उभं ओढतो, आणि चौकटींचे आयत होतात. 'लांबी-रुंदीचं प्रमाण बदलू नका, जागा उरली तर पांढरी सोडा' हे लिहूनच द्या. डंजनचे मॅप मुळात काळपट असतात आणि फ्लेक्सवर आणखी काळे होतात. छापण्याआधी मोबाइलवर स्नॅपसीडमध्ये उजेड चांगला वाढवा, स्क्रीनवर थोडा फिका वाटेल इतका. ग्रिडची रेघ काळ्या मॅपवर पांढरी ठेवा.

आपल्याच गावाचा मॅप

डाउनलोड केलेल्या मॅपांत बर्फ आणि ओकची झाडं असतात. आपल्याकडे गढ्या आहेत. गढीचा पडका बुरूज, वाड्याचा चौक, ओसरी, माजघर, धान्याचं पेव, गुरांचा कोठा, पांदण रस्ता, दोन वावरांमधला धुरा, कापसाच्या गंजी लागलेलं जिनिंग: यातलं प्रत्येक ठिकाण लढाईला तयार आहे. टेपने मीटरमध्ये मोजा आणि १.५ ने भागा, चौकटी मिळतात. खऱ्या खोल्या मात्र तशाच काढू नका. १० × १० फुटांची खोली म्हणजे फक्त २ × २ चौकटी. चार पात्रं आत शिरली की पाचव्याला पाय ठेवायला जागा नाही. खोल्या दीडपट ते दुप्पट करा, दारं एका चौकटीचीच ठेवा.

मोठ्या जागेसाठी गूगल अर्थ प्रो मोफत आहे. त्यातल्या पट्टीने अंतर मोजता येतं आणि जुन्या तारखांची उपग्रहचित्रं पाहता येतात. उन्हाळ्याचं चित्र घ्या म्हणजे पायवाटा आणि कोरडा नाला दिसतो, पाण्यासाठी पावसानंतरचं. अख्खा किल्ला काढायचा मोह आवरा. चिखलदऱ्याचा गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी घेतला तेव्हा बाहेरच्या तटाला खिंडार पाडूनही आतल्या तटावर शिड्या लावून चढावं लागलं होतं. खेळासाठी एवढाच भाग काढा: दोन तट, मधली अरुंद जागा, एक दरवाजा. १४ × २० मध्ये मावतं. बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस नद्यांच्या मध्ये आहे. तिथे पुराचं पाणी दर फेरीला एक चौकट वर चढवा.

मंत्रांची वर्तुळं बाइंडिंग वायरची करा. फायरबॉलची त्रिज्या २० फूट, म्हणजे इंचाच्या मॅपवर ८ इंच व्यास. त्याला ६४ सेमी तार लागते, शिवाय पीळ घालायला दोन सेमी. साडेतीन सेमीच्या ग्रिडवर २८ सेमी व्यास, तार ८८ सेमी अधिक पीळ.

घरात ३२ इंची टीव्ही असेल तर तो आडवा झोपवून त्यावर साधारण २७ × १५ इंची चौकटी दिसतात, आणि मॅप दाखवणारं 'आउलबेअर रोडिओ' ब्राउझरमध्ये मोफत चालतं. पण लाइन गेली की लढाई थांबते. कागदाचा मॅप हाताशी असू द्या.

मॅप कधीच घडी घालून ठेवू नका, घडीवर छपाई तडकते. छापलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. अशाने उलगडल्यावर कडा वर न येता टेबलाकडे वळतात. गुंडाळी शेतातल्या उरलेल्या तीन इंची पीव्हीसी पाइपात सरकवा, दोन्ही तोंडांना टोप्या लावा. उंदीर आणि वाळवी आत जात नाहीत, आणि पावसाळ्यात ओल धरत नाही. पाइपावर मार्करने आतल्या मॅपांची नावं आणि चौकटीचं माप लिहा: 'गढी, १४ × २०, इंच'.